मॉबमधला मावळा : जुन्या सिनेमाच्या आठवणी गोळा करतानाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

कोल्हापुरात आमच्या तालमीच्या वरच्या हॉलमध्ये बैठक झाली. पेठेतल्या आणि आसपासच्या जुन्या सिनेमाशौकिनांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात घ्यायच्या, त्यांच्याकडचे फोटो आणि गाण्यांची पुस्तकं स्कॅन करायची, आणि फेब्रुवारीत याच हॉलमध्ये प्रदर्शन मांडायचं, असं ठरलं. ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हापासून हा विषय कट्ट्यावर घोळत होता. त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभी असलेली माणसं आगीकडं बघत एकमेकांना सांगत होती, इथं कोणाचं नाटक बघितलं, कोणता नट कुठल्या दारानं आत यायचा. सांगणारे बहुतेक सत्तरीपुढचे, आणि लिहून कुणीच घेत नव्हतं.

यादी करायला बसलो आणि पहिलाच वाद निघाला, कोल्हापूरचा कुणाला म्हणायचं. शांतारामबापू, म्हणजे व्ही. शांताराम, इथंच जन्मले, १९०१ साली, पण १९३३ साली त्यांची प्रभात फिल्म कंपनी पुण्याला गेली तशी त्यांची ओळखही पुण्या-मुंबईची झाली. सुलोचनादीदी खडकलाटच्या, म्हणजे आताच्या कर्नाटकातल्या. जयश्री गडकर कारवारकडच्या. तासभर घासाघीस झाल्यावर खजिनदारांनी निकाल लावला, "ज्यानं हितं तोंडाला रंग लावला त्यो आपला." यापेक्षा बरी व्याख्या कुणाकडं नव्हती. तीच वहीत उतरवली.

तूर्त आराखडा असा की एका कलावंताला एक फलक. वर फोटो, खाली जन्म, पहिला चित्रपट, गाजलेली कामं, पुरस्कार, मृत्यू. शेजारी क्यूआर कोड, मोबाइल धरला की आठवण ऐकू येणार. बाबूराव पेंटर, दिग्दर्शक भालजी पेंढारकर, बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक, शांतारामबापू, चंद्रकांत, सूर्यकांत, सुलोचना, अरुण सरनाईक, गणपत पाटील ही नावं पक्की. बाकीची वर्गणी जमेल तशी.

२४ नोव्हेंबर

कॉलर माइक आले. चाचणी घेतली तर माणसापेक्षा पंख्याची घरघर मोठी. यापुढं पंखा बंद, रस्त्याकडची खिडकी बंद, आणि चहा रेकॉर्डिंग संपल्यावर.

प्रश्नांच्या कागदावरून 'तुमचा आवडता नट कोण' हा प्रश्न खोडला. त्याला प्रत्येकजण पेपरात वाचलेलं उत्तर देतो. त्याऐवजी कुठल्या थेटरात बघितला, कुणाबरोबर गेला होता, तिकिटाचे पैसे कुठनं आणले, घरी काय सांगितलं होतं, असं विचारायचं. माणूस तिकिटाच्या खिडकीपासून सुरू झाला की त्याला पुढं ढकलावं लागत नाही.

तारखांचा नियमही आजच केला. साल दोन वेगळ्या ठिकाणी सारखं सापडलं तरच फलकावर जाईल. गाण्यांच्या पुस्तकांवर बहुधा साल नसतंच, त्यामुळं वर्तमानपत्रातली जुनी जाहिरात किंवा पडद्यावरचं सेन्सॉर प्रमाणपत्र शोधायचं. चित्रीकरण एका साली आणि प्रदर्शन दुसऱ्या साली असेल तर प्रदर्शनाचं साल धरायचं.

१ डिसेंबर

सकाळी रहदारी सुरू व्हायच्या आत खरी कॉर्नरला जाऊन कॅमेऱ्याच्या मानस्तंभाचे फोटो काढले. पहिला फलक बाबूराव पेंटरांचाच असणार, याबद्दल वाद नाही.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. नाटकांचे पडदे रंगवायचे म्हणून पेंटर. आनंदराव पेंटरांबरोबर कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला होता, पण आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी कोल्हापुरातच यंत्रशाळेत खटपट करून स्वदेशी कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांचा 'सैरंध्री' फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थेटरात लागला. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. बायकांच्या भूमिका बायकांनीच करायच्या हा आग्रहही त्यांचा, ज्या काळात पडद्यावर येणाऱ्या बाईकडं लोक कशा नजरेनं बघत ते सांगायला नको.

स्तंभापाशी सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त गुरुजी भेटले. म्हणाले, "कॅमेरा सगळ्यांना ठाऊक आहे. तानीबाईंचं नाव कुठं आहे का बघा." खरं आहे. कंपनीला सुरुवातीचं भांडवल देणाऱ्या तानीबाई कागलकर गायिका होत्या. त्यांच्या पैशाशिवाय तो कॅमेरा बहुधा कपाटातच राहिला असता. त्यांना वेगळा फलक द्यायचा. फोटो मिळाला नाही तरी नाव मोठ्या अक्षरात.

अडचण एकच. कंपनीच्या मूकपटांपैकी आज फार थोडं शिल्लक आहे. तेव्हाची नायट्रेटची फिल्म चटकन पेट घ्यायची आणि नुसती ठेवली तरी कुजायची. जी धडधाकट होती ती पुष्कळांनी चांदी काढायला विकली. जुन्या कृष्णधवल फिल्मवर चांदीचा थर असतो, त्याचे पैसे यायचे. त्यामुळं 'सिंहगड' (१९२३) किंवा 'सावकारी पाश' (१९२५) बद्दल आता कुणी 'मी बघितला' म्हणणारा मिळायचा नाही. 'आमचे आजोबा सांगायचे' एवढ्यावरच भागवायचं.

८ डिसेंबर

शिवाजी पेठेत पहिलं लांब रेकॉर्डिंग. आबा सत्याहत्तर वर्षांचे, आयुष्यभर फिटरचं काम केलेलं. मी विचारलं सुलोचनादीदींबद्दल. आबांनी सांगितलं स्वतःबद्दल, इथल्या जयप्रभा स्टुडिओत मॉबमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या गर्दीत, काम केल्याचं.

"मी सोळा-सतरा वर्सांचा आसंन. आमच्या तालमीतली पोरं जयप्रभाला मॉबमध्ये गेल्तो. सकाळी मावळा केला. स्पिरिट गमनं दाढीमिशा चिकटवल्या, ढाल दिली, तलवार दिली. दुपारी जेवान झालं. दाढी तीच ठेवली, कपडे बदलले आन् मोगल केला. म्हंजे बघा, सकाळी मी ज्याला मारला त्यो दुपारचा मीच की!"

हसून झाल्यावर पुन्हा मूळ प्रश्न विचारला. 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) मध्ये दीदी जिजाऊ झाल्या होत्या, त्या दिसल्या का? "दिसल्या की, लांबनं. त्या सावलीत बसल्याल्या, आमी उनात." बस्स. जिजाऊंबद्दल एवढंच. पण दाढी काढताना गालाची कातडी कशी निघायची, रॉकेलचा बोळा कोण फिरवायचा, रोजाचे पैसे कुठल्या झाडाखाली वाटायचे, घोडी कुठल्या गल्लीतनं यायची, हे पाऊण तास.

नंतर लॅपटॉपवर चित्रपट लावला. गर्दीची दृश्यं एकेक करून थांबवत गेलो. एका ठिकाणी आबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्यो मी." पाठमोरी आकृती, हातात भाला, क्षणभरच. नातू म्हणाला, "आबा, सगळी तशीच दिसत्यात." आबांनी त्याला जवळ ओढून दाखवलं, "कान बघ की. मोडल्याला हाय." कुस्तीत मोडलेला कान, तो आजही तसाच. मी त्या चौकटीचं चित्र काढून घेतलं. 'आबांच्या सांगण्याप्रमाणे' असं लिहून ठेवलं.

१५ डिसेंबर

मंगळवार पेठेत बायकांच्या भिशीच्या दिवशीच रेकॉर्डिंग ठेवलं, म्हणजे सगळ्या एका जागी सापडतात. 'सांगत्ये ऐका' (१९५९) चं नाव निघालं आणि माइक कुणापुढं धरावा कळेना. दिग्दर्शक अनंत माने कोल्हापूरचेच. जयश्री गडकर, हंसा वाडकर, सुलोचना, चंद्रकांत, सूर्यकांत, एकाच चित्रात एवढी मंडळी. पुण्यात विजयानंदला तो १३१ आठवडे चालला.

तमाशाचा सिनेमा म्हणून पुष्कळ घरांतनं बायकांना मनाई होती. मग? "अंबाबाईला जातो म्हणून निघायचं," एक काकू म्हणाल्या. "आणि अंबाबाईला जायचोच की! खोटं कशाला बोलायचं? ओटी भरायची, मग थेटरला." घरी सांगितलं त्यातलं निम्मं तरी खरं असायला हवं, हा नियम सगळ्या पाळायच्या.

हंसाबाईंवर गाडी आली तेव्हा वातावरण जरा तापलं. त्यांचं आत्मचरित्र चित्रपटाच्याच नावानं १९७० साली आलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. श्याम बेनेगलांनी त्या आयुष्यावरून 'भूमिका' केला, १९७७ साली, स्मिता पाटीलना घेऊन. एक काकू मला म्हणाल्या, "प्रदर्शनाला पोरंबाळं येणार. तिचं दारूचं, संसाराचं कशाला लावतोस बाबा?" सगळ्यात वयस्कर आजी तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "तिनं सोत्ता सांगितलंया. लपवायचं आस्तं तर तिनंच लपवलं आस्तं. आपुन कोन झाकनार?"

पुढं कुणी बोललं नाही. बैठकीला विचारून आजींचं म्हणणं सगळ्या फलकांना लागू केलं. कलावंताने स्वतः लिहिलेलं किंवा उघड सांगितलेलं असेल तर ते जाईल. कानगोष्ट जाणार नाही, मग ती कितीही चविष्ट असो. या नियमानं निम्मा मसाला गेला, हे इथं नोंदवून ठेवतो. कट्ट्यावरच्या काहीजणांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

२२ डिसेंबर

राज कपूरचा दिवस. भालजींच्या 'वाल्मिकी' (१९४६) मध्ये पृथ्वीराज वाल्मिकी आणि विशीतला राज कपूर नारद. इथवर सगळ्यांचं एकमत. पुढं भालजींनी त्याला मानधन म्हणून किती दिले, यावर रणकंदन. गंगावेशीत सकाळी सुरू झालेली रक्कम संध्याकाळी रंकाळ्यावर पोचेतो कैक पटींनी वाढली होती. बँकेत नोकरी केलेले काका तर धनादेश होता असं म्हणाले, तेही रेघा मारलेला.

रक्कम फलकावर नाही. मात्र सगळ्यांच्या सांगण्यात एक गोष्ट जागची हलत नाही, ती म्हणजे बाबांनी कुणाकडनं काम फुकट करून घेतलं नाही. जयप्रभातली माणसं भालजींना बाबाच म्हणत, आणि ज्यांनी जयप्रभाचं दार कधी बघितलं नाही तेही आज बाबाच म्हणतात.

२९ डिसेंबर

स्कॅनिंग. गाण्यांची पुस्तकं, थेटरात लावायचे फोटो, काही घरगुती. पुष्कळांना कसर लागलेली. एका आल्बममध्ये फोटो पानाला चिकटून बसलेत, ते ओढायचे नाहीत, पानासकट स्कॅन करायचे. ६०० डीपीआय. फोटोच्या मागं लिहिलेलं असेल तर मागची बाजूही. बाकी काही नाही.

५ जानेवारी २०२५

अरुण सरनाईक. यांच्याबद्दल बोलताना बायका आणि पुरुष सारखेच हळवे होतात, हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत बघितलं नाही. जन्म कोल्हापूरचा, ४ मे १९३५. वडील शंकरराव सरनाईक संगीत नाटकातले गायक नट, चुलते निवृत्तीबुवा ख्याल गायकीतले मोठे नाव. म्हणजे घरात सूर आधी, सिनेमा नंतर. 'सवाल माझा ऐका' (१९६४), 'मुंबईचा जावई' (१९७०), आणि 'सिंहासन' (१९७९) मधला मुख्यमंत्री. गावरान नायकाचा फेटा ज्याला शोभला त्यालाच खुर्चीत बसून नुसत्या डोळ्यांनी डाव टाकणारा राजकारणीही शोभला. मला स्वतःला तो मुख्यमंत्री त्यांच्या सगळ्या नायकांपेक्षा भारी वाटतो, पण हे भिशीत बोललो असतो तर उठवून लावलं असतं.

पैज लागली ती 'घरकुल' (१९७०) मधल्या 'पप्पा सांगा कुणाचे' वरून. आवाज कुणाचा? तबला शिकवणारे एक गुरुजी म्हणाले, त्यांचाच. समोरचे दोघे म्हणाले, छे, पार्श्वगायक असणार. गाणं लावलं, नामावली बघितली. आवाज अरुण सरनाईकांचाच, सोबत प्रमिला दातार. हरलेल्यांनी सगळ्यांना मिसळ घातली.

२१ जून १९८४ ला मोटार अपघातात ते गेले. वय एकोणपन्नास. अपघाताची जागा तिघांनी तीन सांगितल्या, तिघेही छातीठोक. एका बाईंनी जागा सांगितलीच नाही. त्या दिवशी घरात चूल पेटवली नव्हती, सासूबाईंनी पेटवू दिली नाही, एवढंच म्हणाल्या. "सासू माझी सिनेमाच्या नावानं खडं फोडायची. पण त्यादिवशी न्हाई जेवली." हा तुकडा जसाच्या तसा क्यूआरवर.

१२ जानेवारी

आराखडा बदलायची बैठक. आतापर्यंतची रेकॉर्डिंग उतरवून काढली, ती सगळी एका बैठकीत वाचली. कलावंतांचे जन्म, मृत्यू, पुरस्कार हे कुणाच्याही मोबाइलवर सापडतं. आपल्या लोकांकडं जे आहे ते तिथं नाही. मुंबईचा शौकीन पडद्यासमोर बसून नटाबद्दल बोलतो. आमच्याकडचा माणूस पडद्याच्या कडेला उभा राहून बोलतो. कुणी मॉबमध्ये होता, कुणाचे वडील सेटवर सुतार, कुणाची आत्या नऊवारी शिवून द्यायची, कुणाच्या चुलत्याची घोडी, कुणी भिंतीवर चिकटवायचे कागद छापले. नट त्यांना अर्धा दिसलाय, पण तो अर्धा दुसऱ्या कुणाला दिसलेला नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा की फलकावर कलावंताचा फोटो मोठाच राहू दे, चरित्र चार ओळींत आटपू दे, आणि उरलेली जागा या कडेच्या माणसांना द्यावी. खजिनदारांनी विरोध केला. "लोक सुलोचनादीदीस्नी बघायला येनार, फिटर आबास्नी न्हाई." त्यांचं निम्मं बरोबर आहे, म्हणून फोटोच्या आकाराला हात लावला नाही.

शांतारामबापूंचा फलक लिहिताना मला माझ्या बाजूचा मुद्दा सापडला, तो बैठकीत वाचून दाखवला. बाबूराव पेंढारकर मावसभाऊ, महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्यवस्थापक. त्यांच्या ओळखीनं शांताराम कंपनीत आले आणि पडेल ते काम केलं. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये जमीन गमावलेला तरुण शेतकरी झाले. दामले आणि फत्तेलाल तिथंच पडदे-सेट-कॅमेरा करत होते. १ जून १९२९ ला हे लोक, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाचजण मिळून प्रभात काढून मोकळे झाले. सुलोचनादीदींची सुरुवातही मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये, 'चिमुकला संसार' (१९४३) मधल्या बारक्या कामानं झाली. म्हणजे कडेला उभं असणं आणि मधोमध उभं असणं यात इथं फार अंतर नव्हतंच. तेव्हा कडेच्या माणसांना जागा देणं हे काही उपकार नाहीत.

ठराव मंजूर. खजिनदार म्हणाले, "मग आबांचा कानपण मोठा छापा." छापतोय.

१९ जानेवारी

मास्टर विनायकांचा जन्मदिवस (१९०६). मुद्दाम आजचा दिवस त्यांच्यासाठी धरला. भालजी आणि बाबूराव पेंढारकर हे सख्खे भाऊ, विनायक सावत्र, शांताराम मावसभाऊ. फलकावर वंशावळ काढली तर मराठी सिनेमाचा निम्मा पाया एका घरातनं निघाल्यासारखं दिसतं. कुणाला ते कौतुकाचं वाटेल, कुणाला तक्रारीचं. काढायची मात्र नक्की.

१९३६ साली हंस पिक्चर्स. 'छाया'ची कथा वि. स. खांडेकरांची. 'ब्रह्मचारी' (१९३८) अत्र्यांचा, आणि त्यात पोहण्याच्या पोशाखातल्या मीनाक्षी शिरोडकर, 'यमुनाजळी खेळू खेळ' गाणाऱ्या. त्या गाण्यानं तेव्हा काय गहजब झाला ते सांगणारं आता प्रत्यक्ष कुणी नाही. राजारामपुरीतल्या एका मावशींनी आजीची हकिकत दिली. आजीनं जन्मभर सांगितलं की तो सिनेमा मी बघितला नाही. आणि नातवंडांना आंघोळ घालताना गाणं मात्र तेच, कडव्यांसकट.

मावशींनीच पुढं लताबाईंचं काढलं. दीनानाथ १९४२ साली गेल्यावर मंगेशकर कुटुंबाला विनायकांनी आधार दिला, आणि लताबाई कोल्हापुरात प्रफुल्लच्या चित्रपटांत लहानसहान कामं करत होत्या. प्रफुल्ल मुंबईला गेली तशा १९४५ साली त्याही गेल्या. पुढं आनंदघन या नावानं त्यांनी बाबांच्याच चित्रपटांना संगीत दिलं. 'साधी माणसं' (१९६५) बघून आलेल्या माणसाला ऐरणीचं गाणं कुणी बांधलं ते ठाऊक नव्हतं. लोहाराच्या ऐरणीवरचा तो ताल इथल्या माणसाला मात्र गावातलाच वाटला.

विनायक १९ ऑगस्ट १९४७ ला गेले, वय एक्केचाळीस. मुलगी नंदा तेव्हा आठ वर्षांची. ती लगेचच बेबी नंदा म्हणून पडद्यावर आली आणि पुढं १९५६ साली शांतारामबापूंनी 'तूफान और दिया'त तिला मोठी भूमिका दिली. मावशी इथं थांबल्या आणि म्हणाल्या, "लोक म्हणतात काय नशीब काढलं पोरीनं. आठ वर्षांच्या पोरीनं कामाला लागायचं, ह्याला नशीब काढणं म्हणतात व्हय?" हेही फलकावर.

३० जानेवारी

जयप्रभा. पंच्याऐंशीचे एक आजोबा, वडील स्टुडिओत सुतार. गांधीहत्येनंतर १९४८ साली जयप्रभा जाळला गेला. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे, गच्चीवरनं धूर बघितलेला. कुणी जाळलं यावर आले तेव्हा त्यांनी हात वर केला, "ते बंद कर." बंद केलं. ते पुढं जे बोलले ते वहीतही नाही. एवढंच लिहितो की जाळणारी आणि बांधणारी माणसं एकाच गावची होती, आणि दोन्ही घरं पुढं एकमेकांच्या लग्नाकार्यात जेवली.

सुरू केल्यावर त्यांनी पुढचं सांगितलं. 'मीठभाकर'चं झालेलं काम आगीत गेलं होतं. बाबांनी तो पुन्हा उभा केला. आजोबांच्या वडिलांना परत बोलावणं आलं, आणि एकदा ठोकलेला सेट त्यांनी दुसऱ्यांदा ठोकला. "वडील म्हणायचे, पहिल्यापेक्षा दुसरा चांगला झाल्ता. पण तुलना कराया पहिला व्हताच कुठं?" चित्रपट १९४९ साली आला. भालजींना फाळके पुरस्कार मिळाला तो १९९१ सालचा. सुताराला त्या आधीच देवाज्ञा झाली होती.

९ फेब्रुवारी

सकाळी राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांच्या कलासंग्रहालयात. १९५२ च्या भालजींच्या चित्रपटात महाराज झालेला हा माणूस पावडर शेडिंगनं झाडं, ओढे, डोंगर इतके मऊ काढायचा, की तलवार आणि हा हात एकाच माणसाचा वाटत नाही. नट म्हणून ते मला नेहमी थोडे ताठ वाटत आले. चित्रांत तो ताठा औषधालाही नाही.

दुपारी गणपत पाटलांसाठी रेकॉर्डिंग. तमाशापटातला नाच्या म्हणजे गणपत पाटील, अशी पुढं दोन-तीन पिढ्यांची समजूत. प्रत्यक्षात मुलाबाळांचा, संसारी माणूस. सांगणारे काका त्यांच्या शेजारच्या गल्लीतले. "बाहेरगावची माणसं आली की आमास्नी हळूच विचारायची. आमी म्हनायचो, ते बघा चाललेत, हातात पिशवी हाय, मंडईला निघालेत. लोकांना पटायचं न्हाई. पडद्यावरचं पटायचं, समोरचं न्हाई." त्या भूमिकेनं घराचा पाठलाग केला, आणि नाव झालं तरी तसा मान फार उशिरा आला. २००८ साली ते गेले. त्यांच्या फलकावर नाच्याच्या वेशातला फोटो लावायचा का, यावर मतं पडली. दोन्ही लावायचे, सारख्याच आकाराचे, ठरलं.

१६ फेब्रुवारी

छपाई. मुद्रितं दोघांनी वेगवेगळी वाचली. दोन ठिकाणी न जुळलेली सालं काढून टाकली, जागा मोकळी ठेवली. क्यूआर कोड हॉलच्या उजेडात धरून बघितले. चकचकीत कागदावर ट्यूबचं प्रतिबिंब पडतं, म्हणून कोड वेगळ्या खरखरीत कागदावर. तानीबाईंचा फोटो मिळाला नाही. त्यांच्या फलकावर फक्त नाव आणि काम, दारातनं शिरताना पहिलं तेच दिसेल असं.

२३ फेब्रुवारी

कालपासून प्रदर्शन सुरू. खजिनदारांचं म्हणणं खरं ठरलं, लोक पहिल्यांदा सुलोचनादीदींकडंच जातात, पाया पडल्यासारखे हातही जोडतात. आणि माझंही खरं ठरलं, उभे राहतात ते कडेच्या मजकुराशी. अरुण सरनाईकांच्या कोडपाशी रांग लागली. कॉलेजची पोरं इअरफोन वाटून घेऊन सासूबाईंची गोष्ट ऐकत होती. हंसाबाईंच्या फलकासमोर भिशीतल्या आजी स्वतः येऊन बसल्या आणि येणाऱ्याला सांगत होत्या, "वाच की, वाच."

चारच्या सुमाराला उत्तरेश्वर पेठेतले एक आबा काठी टेकत आले. मॉबच्या फलकापाशी गेले, पाठमोऱ्या मावळ्याकडं बघत बराच वेळ उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "आरं, ह्यो तर मी!" मी त्यांना खालचं नाव दाखवलं, मोडलेल्या कानाचं सांगितलं. त्यांनी टोपी काढली. त्यांचाही कान मोडलेला. उजवाच. "आमच्या वेळंला कुणाचा धड व्हता?"

दोघांनाही पुढच्या रविवारी तालमीत एकत्र बोलावलंय, लॅपटॉप आणि त्याच चौकटीसह. तोवर फलकावर पहिल्या आबांच्या नावापुढं 'किंवा' लिहून जागा सोडली आहे.